मागचं उजवं चाक

सिग्नलला गाडी थांबत आली की शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये तो आवाज यायचा. त्या दिवशीही आला. शेजारी स्कूटरवर आईच्या पाठीला चिकटून बसलेल्या पोराने दोन्ही कान गच्च दाबले. मोठी माणसं अशा वेळी गाडी चालवणाऱ्याकडे बघतात, आणि ती नजर ओळखीची होऊन बसली होती. काच खाली असली तर मीच आधी तोंड फिरवत असे. या पोराने मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. कान तसेच दाबून तो खाली वाकला आणि थेट माझ्या मागच्या उजव्या चाकाकडे टक लावून बघत राहिला. सिग्नल सुटला, स्कूटर गेली. आवाज नक्की कुठून येतोय यावर मी कितीतरी दिवस डोकं खपवत होतो. कधी पुढून वाटायचा, कधी डावीकडून, तर कधी डिकीत ठेवलेलं काहीतरी घासतंय असं. आणि त्या पोराने एका नजरेत चाक दाखवलं होतं.

नंतर विचार केला तर त्यात चमत्कार काही नव्हता. तो बाहेर होता आणि मी आत. गाडीच्या बंद पेटीत आवाज काचांवर, छतावर आपटून सगळीकडून एकदमच कानांवर येतो. त्यात ब्रेकची किंकाळी म्हणजे एकच बारीक, उंच, ताणलेला सूर. असा एकसुरी आवाज कुठून येतो हे ओळखणं कानाला तसंही जड जातं. खडखड, टकटक असेल तर दिशा पटकन कळते. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, आणि ब्रेकची किंकाळी बरेचदा नेमकी तिथेच येऊन बसते. म्हणजे ऐकू तर सगळ्यात जास्त येणार, आणि कुठून येतंय ते कळणार नाही. या छळात एक प्रकारची कलाकुसर आहे, असं मला चिडचिडीच्या भरातही वाटून गेलं.

हा आवाज चारचौघांतला आहे, हे त्याचं खरं दुखणं. गाडीत बाकी काय काय बिघडतं ते आपल्यापुरतं राहतं. गिअर अडकतो, एसी गार हवा देत नाही, दाराची रबरं सुटतात. कुणाला पत्ता नसतो. ब्रेक ओरडला की रस्त्यावरच्या प्रत्येकाला आपल्या घरातलं भांडण ऐकू गेल्यासारखं होतं. मग सल्ले सुरू होतात, न मागता. ‘पॅड संपले असतील’, ‘धूळ आहे हो, धुऊन टाका’, ‘रिव्हर्समध्ये दोन-चार वेळा कचकचून ब्रेक मारा, जाईल’, ‘सगळ्याच गाड्यांचं होतं, लक्ष देऊ नका’. यातला एकही सल्ला संपूर्ण खोटा नाही, ही त्यातली गंमत. पॅड संपत आल्यावर मुद्दाम ओरडावं म्हणून कित्येक डिस्क ब्रेकमध्ये (चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती म्हणजे डिस्क, तिला दोन्हीकडून दाबतात ते पॅड) पोलादाची एक छोटी पट्टी बसवलेली असते. दोन-तीन मिलिमीटर माल उरला की ती डिस्कला टेकते आणि बोंब मारते. रिव्हर्सच्या सल्ल्यातही तथ्य आहे, कारण बऱ्याच ड्रम ब्रेकमध्ये (चाकाबरोबर फिरणारा डबा म्हणजे ड्रम, त्याला आतून दाबतात ते दोन कमानदार शू) मागे जाताना ब्रेक मारला की शू ड्रमच्या जवळ ठेवणारा अॅडजस्टर आपोआप एखादा दाता पुढे सरकतो. प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीसाठी बरोबर असतो. आपल्या गाडीसाठी कोणता, हे शोधणं म्हणजे निदान.

बाबांची एक पद्धत होती. गाडीतून नवा आवाज आला की ते रेडिओ बंद करायचे, सगळ्या काचा खाली घ्यायला लावायचे आणि एखादी लांबलचक भिंत शोधायचे. भिंतीच्या अगदी कडेने, चालत्या माणसाच्या वेगाने गाडी न्यायची. भिंत चाकाचा आवाज उचलून परत खिडकीत फेकते. मग गाडी वळवून दुसरी बाजू भिंतीकडे करायची आणि तेच पुन्हा. आम्ही मुलं मागे श्वास रोखून बसायचो, कारण त्या वेळात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. मला त्या आवाजांपेक्षा बाबांची मान आठवते. जराशी खिडकीकडे कललेली, ओठ मिटलेले, नजर रस्त्यावर असूनही रस्ता न बघणारी. लांब उतार संपल्यावर ते गाडी बाजूला घेऊन चाकांजवळ फिरून यायचे. तापलेल्या लायनरचा, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या अस्तराचा, तो जळका, नाकात टोचणारा वास मला लहानपणी आवडायचा हे कुणाला सांगायची सोय नव्हती. हात न लावता, चाकाजवळ नुसता तळवा धरून ते चारही चाकांची ऊब बघायचे. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असलं तर तिथे ब्रेक सुटत नाही. फार थंड असलं तर तिथे ब्रेक लागतच नाही.

हे दुसरं वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. पुढे त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

भिंतीने पोराच्या बाजूने कौल दिला: उजवीकडे, मागे. मग आवाजाच्या सवयी बघायला लागलो. सकाळच्या पहिल्या ब्रेकला येतो आणि मग जातो का? तसं असेल तर रात्रीच्या दमटपणाने लोखंडावर धरलेला पातळ गंज, दोन-चार वेळा घासला की संपतो. त्यासाठी कुणीही पाना उचलू नये. माझा आवाज उलटा होता. गाडी थंड असताना गप्प, गरम झाल्यावर सुरू. पेडल हळुवार दाबलं की किंचाळी, जोरात दाबलं की बंद. मागे जाताना नाही. मोकळ्या जागी अगदी हळू चालवत हँडब्रेक एक-दोन दात ओढला, तर पेडलला पाय न लावताही तोच सूर निघाला. माझ्या गाडीत हँडब्रेकची तार फक्त मागच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढच्या डिस्क इथेच सुटल्या. वळताना आवाज बदलत नव्हता, म्हणून बेअरिंगवरचा संशय पातळ झाला. ही उलटतपासणी मला मनापासून आवडली, हे कबूल करायला हरकत नाही. त्रास आपल्यालाच होत असतो, तरी सापळा आवळत आल्याचं सुख वेगळंच.

किंचाळी म्हणजे काय, हेही याच दिवसांत वाचून काढलं. लायनर ड्रमला घासतो तेव्हा तो सरळ गुळगुळीत घासत नाही. धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. व्हायोलिनच्या तारेवर गज चालतो तो याच धर-सोडीवर. ही धर-सोड सेकंदाला काही हजार वेळा झाली आणि तिचा ठेका ड्रमच्या किंवा शूच्या अंगच्या कंपनाशी जुळला की अख्खा ड्रम गायला लागतो. बिडाचा ड्रम काढून बोटावर लटकवला आणि हातोडीने हलकेच टिचकावला तर तो स्वच्छ नाद देतो. बद्द वाजला तर कुठेतरी तडा असल्याची शंका घेतात. जे भांडं इतकं सुरेल वाजू शकतं ते चाकाच्या आत बसवून आपण त्याला रोज घासतो, आणि ते गप्प राहील अशी अपेक्षा करतो. काही जुन्या गाड्यांच्या ड्रमभोवती बाहेरून स्प्रिंग गुंडाळलेली असे, ती याच गाण्याचा गळा धरायला. आणि या सगळ्या थयथयाटात ऊर्जा किती जाते म्हणाल, तर नगण्य. बाराशे किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटरवरून थांबवली की सुमारे २४० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये तयार होते. आवाज हा त्यातला चुकून सांडलेला थेंब आहे. ब्रेक किती काम करतोय याचा त्याच्या ओरडण्याशी काही संबंध नाही, हे तेव्हा आकड्यांत कळलं होतं.

ही तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. १९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. डिस्क धातूची आणि तिला दाबणारी अस्तरं तांब्याची. ब्रेक लागायचा, पण धातूवर धातू घासून असा काही कर्कश चीत्कार उठायचा की ऐकवत नसे. त्याच साली फ्रान्समध्ये लुई रेनोने आतून फाकणाऱ्या शूंचा ड्रम ब्रेक आणला आणि पुढची कितीतरी दशकं मोटारी ड्रमवरच थांबल्या. डिस्कचे दिवस यायला १९५३ उजाडावं लागलं, जेव्हा ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली. मधल्या काळात हर्बर्ट फ्रूडने अॅस्बेस्टॉसची अस्तरं आणली आणि ब्रेकचा गळा बराच बसला. पुढे त्याच अॅस्बेस्टॉसने माणसांच्या फुप्फुसांचं काय केलं ते जगाला ठाऊक आहे. आवाज बंद करायला निवडलेली वस्तू वर्षानुवर्षं, काही न बोलता, ड्रमच्या तळाशी साठत होती.

ड्रमची एक अडचण असते. डिस्क चाकाच्या आऱ्यांमधून दिसते, टॉर्च मारून पॅड किती उरला ते बघता येतं. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. उघडल्याशिवाय काही कळत नाही, आणि उघडायला तो सहजी तयार होत नाही. सपाट जमीन, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरा सैल, मग जॅक, आणि जॅकवर विश्वास न ठेवता खाली स्टँड. हँडब्रेक सोडलेला हवा, नाहीतर शू आतून ड्रमला धरून बसतात आणि आपण बाहेरून जीव काढतो. माझा ड्रम गंजाने हबला धरून बसला होता. त्यावर दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं की ड्रम स्वतःला मागून ढकलत बाहेर येतो. कट्, असा एक कोरडा आवाज होतो. तो ऐकल्यावर जे वाटतं त्याला समाधान म्हणणं कमी पडेल.

आत काळसर तपकिरी भुकटी. टाल्कम पावडरीसारखी बारीक, बोटांच्या रेषांत जाऊन बसणारी. हिला फुंकर मारायची नाही, हवेचा फवारा तर मुळीच नाही. आजचे लायनर अॅस्बेस्टॉसचे नसले तरी ही धूळ छातीत नेण्याची वस्तू नव्हे. तोंडाला मास्क, ब्रेक क्लीनरने ओली करून खाली धरलेल्या ट्रेमध्ये उतरू द्यायची. भुकटी गेल्यावर उजव्या चाकाचं सगळं गुपित उघडं पडलं. दोन्ही शूंचे लायनर चकाकत होते, पॉलिश केलेल्या दगडासारखे. जास्त तापून लायनरमधली राळ पृष्ठभागावर येते आणि काचेसारखा थर धरते. त्याला ग्लेझ म्हणतात. मागच्या पत्र्यावर ज्या उंचवट्यांवर शूची कड सरकते, ते ठणठणीत कोरडे आणि घासून चांदीसारखे झालेले. एका शूला धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग ढिली, इतकी की शू बोटाने हलत होता. लायनरची जाडी मात्र भरपूर. ड्रमचा आतला व्यास त्यावरच कोरलेल्या कमाल मापाच्या आत.

म्हणजे एवढ्या बोंबाबोंबीमागे धोका असा नव्हताच. थोडी चमक, थोडा कोरडेपणा, एक दमलेली स्प्रिंग.

मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. इतके दिवस लोकांच्या नजरा खाल्ल्या त्या मानाने आजार फारच किरकोळ निघाला. लायनरवर जाड पॉलिश पेपर फिरवून चकाकी उतरवली, ड्रमच्या आतही आडवे-तिरपे हात मारले. पत्र्याच्या उंचवट्यांवर उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस लावलं, अगदी पुसट. इथे हात सैल सोडला तर तेच ग्रीस तापून लायनरवर येतं, आणि मग आवाज जातो तो ब्रेकसकट. स्प्रिंग नवी लागणार होती. संध्याकाळ व्हायला वेळ होता. स्प्रिंगा कुठली कुठे अडकतात हे पडताळून बघायला दुसरी बाजू नमुना म्हणून कामाला येते, म्हणून अशी कामं एका वेळी एकाच चाकाची करायची असतात. शिवाय एका आसावरच्या दोन्ही चाकांचा ब्रेक सारखा असावा, हा साधा नियम. तेवढ्यासाठी डावं चाक काढलं.

डावा ड्रम सहज निघाला. आत भुकटी नव्हती, चिखल होता.

व्हील सिलिंडर म्हणजे वरच्या बाजूचा तो बोटभर लांबीचा नळा, ज्यातले दोन पिस्टन तेलाच्या दाबाने दोन्ही शू फाकवतात. त्याच्या एका टोकाचं रबरी बूट उचकटलं तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं. बूट कोरडं असायला हवं. एखादा ओलसरपणा माफ, धार नाही. हे तेल पत्र्यावरून उतरून पुढच्या शूच्या लायनरमध्ये मुरलं होतं. लायनर काळाकुट्ट, ओला, आणि नखाने दाबला तर मऊ. हे चाक ब्रेक लावल्याचं नुसतं नाटक करत होतं, किती दिवसांपासून कोण जाणे. त्याने कधी हूं की चूं केलं नव्हतं. ओरडायला घर्षण लागतं, आणि तेल पाजल्यावर घर्षण कुठून येणार?

मी तिथेच बसून राहिलो थोडा वेळ. हे मला चालवताना कळलं का नाही, याचं उत्तर पुस्तकी आहे आणि म्हणूनच अस्वस्थ करणारं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. थांबवण्याचं बहुतेक काम पुढची दोन चाकं करतात. मागच्या एका चाकाने काम सोडलं तर रोजच्या हळू रहदारीत पायाला फरक जाणवेलच असं नाही. तो जाणवतो ओल्या रस्त्यावर, किंवा समोर अचानक कुणी आलं तर. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल थोडं उतरलं होतं, पण लायनर आणि पॅड झिजतात तसं ते उतरतंच, त्यामुळे तोही पुरावा धडपणे बोलत नव्हता. उजवं ओरडत होतं म्हणून डावं सापडलं, एवढाच या दोघांचा संबंध. डाव्याचा भार पडून उजवं तापलं आणि म्हणून ओरडलं, अशी सुंदर गोष्ट रचायचा मोह मला झाला होता. तेलाचा दाब दोन्हीकडे तेवढाच जातो. एकाने टाळलेलं काम दुसऱ्या मागच्या चाकाच्या अंगावर आपोआप पडत नाही. तेव्हा ती गोष्ट मी सोडून दिली.

पुढचं काम माझं नव्हतं. धूळ काढणं, ग्रीस लावणं ही हौस; तेलाचा बंद मार्ग उघडणं ही जबाबदारी. तेल मुरलेला लायनर कितीही धुतला तरी तापल्यावर पुन्हा पाझरतो, म्हणून शू दोन्ही चाकांचे बदलायचे, सिलिंडर नवे, आणि मग हवा काढायची. मेकॅनिक गाडीखाली, मी पेडलवर. “मारा... मारा... धरा.” मी धरायचो. तो निपल, म्हणजे सिलिंडरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करायचा आणि माझा पाय हळूहळू जमिनीपर्यंत बुडायचा. “सोडू नका हां... आता सोडा.” निपल आवळायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत, त्यामुळे त्या आवाजाशी पाय बांधल्यासारखा. आरशातून बाटलीतली पारदर्शक नळी दिसत होती. आधी चहाच्या रंगाचं तेल, मध्ये बुडबुड्यांची माळ, मग फिकट पिवळं स्वच्छ. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की ती मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येऊ शकते, आणि उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. जुन्या तेलाचा तो रंग बघून मी काही विचारलं नाही. मेकॅनिकनेच मान वर न करता म्हटलं, “दोन वर्षांनी बदलायचं असतं साहेब.”

नव्या शूंना ड्रमशी जमवून घ्यायला लावावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून दहापर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये गार होऊ द्यायचं, आणि पुन्हा. खिडकी उघडी ठेवून मी हे करत होतो. तो जुना जळका वास थोडासा आला. आवाज आला नाही, आणि गंमत म्हणजे मला त्याने निवांत वाटेना. सिग्नलजवळ वेग कमी होताना मान आपोआप खिडकीकडे कलते, आणि काही ऐकू आलं नाही तर ती तशीच कललेली राहते. घरी आल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ तळवा धरून बघतो. दोन्हींची ऊब सारखी लागते. शेजारी विचारतात, ‘आवाज गेला ना? मग आता काय बघता?’

पुढे टायरच्या कामासाठी गाडी उचलली जाईल तेव्हा मागचे दोन्ही ड्रम काढून बूट उचकून बघायचे ठरवलं आहे, आवाज असो वा नसो. ड्रमच्या भोकांना बसणारे दोन बोल्ट त्यासाठी डिकीत, जॅकच्या पिशवीत टाकून ठेवलेत.